चमचा, बाहुली आणि गोवरी

बुटांचं रिकामं खोकं. आत सात वस्तू: वाळलेल्या गोवरीचा तुकडा, मेणबत्त्या वितळवून केलेला मेणाचा गोळा, कावळ्याचं पीस, पाणी फवारायची बाटली, तान्ह्या बाळाचं झबलं, पावडरची डबी आणि लोखंडी कडी बसवलेली वीतभर फळी. मराठी घरात वाढलेल्या कुणाच्याही हाती हे खोकं द्या, तो लगेच ओळखेल. शेणाचं घर, मेणाचं घर, मोठा पाऊस, बंद दार आणि आत बाळाचं आवरत बसलेली चिऊताई.

ही गोष्ट मी एका विशेष शाळेच्या वर्गात वाचली जाताना पाहिली. वाचणारी मुलगी सात वर्षांची. तिला दिसत नाही, ऐकू फार थोडं येतं आणि डावा हात आखडलेला आहे. बाईंनी सकाळीच गोवरीचा आणखी एक तुकडा आणि मेणाचा दुसरा गोळा पाण्याच्या घमेल्यात टाकून ठेवला होता. डब्याची सुट्टी संपल्यावर मुलीचा उजवा हात घमेल्यात गेला. गोवरीच्या जागी बोटांना चिखल लागला. तिनं हात मागे घेतला, खोक्यातली कोरडी गोवरी चाचपली आणि पुन्हा पाण्यातला चिखल चिवडला. मग मेण हाताला लागलं. ते पाण्यातही तसंच होतं, घट्ट आणि गुळगुळीत. तो गोळा तिनं बाहेर काढला आणि गालाला लावला. कावळ्याचं घर वाहून गेलं, चिमणीचं टिकलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या हाताला कळलं होतं.

याला वाचन म्हणायचं का, असं कुणीही विचारेल. अक्षर नाही, पुस्तक नाही, ब्रेलचं एक टिंबही अजून नाही. तरीही हे वाचनच आहे, असं मी म्हणेन. त्यासाठी या खोक्याचा मागोवा घ्यावा लागेल, आणि तो आपल्याला सव्वादोनशे वर्षं मागे पॅरिसपर्यंत नेतो.

अंध माणसाला अक्षर बोटांनी द्यावं ही कल्पना तशी फार जुनी. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात डिडिमस नावाचा अंध विद्वान होऊन गेला. तो लाकडात कोरलेली अक्षरं चाचपून वाचायला शिकला, असं सांगतात. पण असे लोक एकटेदुकटे होते, त्यांची शाळा झाली नाही. शाळा काढली पॅरिसच्या व्हॅलेंटिन आवी यानं. १७८४ मध्ये त्यानं फ्रांस्वा लेस्यूर नावाचा, चर्चच्या दारात भीक मागणारा अंध मुलगा हाताशी धरला. ओल्या जाड कागदावर छाप दाबला की कागदाच्या मागे अक्षर उठतं, हे त्या धड्यांतून हाती आलं आणि उठावाच्या अक्षरांची पुस्तकं छापली जाऊ लागली. पुस्तकं जडच्या जड होती. एकेक अक्षर कडेकडेनं चाचपत ओळखायचं, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची. लिहिणं तर जवळजवळ अशक्यच होतं. अक्षरं डोळ्यांसाठी घडलेली होती, ती फक्त फुगवून बोटांपुढे ठेवली होती.

हे कोडं सोडवलं त्याच शाळेतल्या एका मुलानं. लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा, कूपव्रे गावचा. वडील घोड्यांची खोगिरं करणारे. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात चामडं भोसकायची आरी हाती घेऊन खेळताना ती डोळ्यात गेली. पुढे संसर्गानं दुसराही डोळा गेला. त्याच वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून मुलाला अक्षरं शिकवली, असं त्याच्या चरित्रांत येतं. पॅरिसच्या शाळेत शार्ल बार्बियेची बारा टिंबांची लिपी त्याच्या हाती आली. त्यानं ती सहा टिंबांवर आणली, म्हणजे बोटाच्या एका पेराखाली आख्खं अक्षर मावेल इतकी. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, आराखडा तयार होता. १८२९ मध्ये तो छापून आला. डोळ्यांसाठीचं अक्षर बाजूला ठेवून बोटांसाठी नवं अक्षर घडवण्याचं काम बोटांनीच वाचणाऱ्या मुलानं केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण ब्रेल येण्यासाठी आधी भाषा यावी लागते. जिला 'पाणी' हा शब्दच कधी मिळाला नाही, तिच्या बोटाखाली 'पाणी' ही टिंबं ठेवून काय होणार? हा प्रश्न घेऊन दुसरी एक वाट निघाली, आणि आपलं खोकं या दुसऱ्या वाटेवरचं आहे.

ती वाटही पॅरिसलाच सुरू झाली. १८०० साली आव्हेरॉनच्या रानात सापडलेला, न बोलणारा एक मुलगा कर्णबधिरांच्या संस्थेत आणला गेला. त्याचं नाव ठेवलं व्हिक्टर. झां इटार या तरुण डॉक्टरनं त्याला शिकवायला घेतलं. फळ्यावर किल्लीची, कात्रीची आकृती काढायची आणि तिच्याशेजारी खरी किल्ली, खरी कात्री टांगायची, इथून त्यानं सुरुवात केली. मग सुटी अक्षरं आली. फ्रेंच भाषेत 'दूध' हा शब्द चार अक्षरांचा. व्हिक्टर एकदा ओळखीच्या घरी जाताना ती चार अक्षरं खिशात घालून घेऊन गेला आणि तिथं टेबलावर ओळीनं मांडून त्यानं दूध मागितलं. अक्षर इथे खिशात मावणारी वस्तू झालं. व्हिक्टर पुढे बोलला नाही, आणि इटारनं आपला प्रयोग बऱ्याच अंशी फसला असं मानलं. पण त्याची रीत वाया गेली नाही. ती कुठे जाऊन पोचली ते पुढे पाहू.

१८३७ च्या ऑक्टोबरात लॉरा ब्रिजमन नावाची आठ वर्षांची होत आलेली मुलगी अमेरिकेत बॉस्टनच्या पर्किन्स शाळेत आली. दोन वर्षांची असताना तापानं तिची नजर आणि श्रवण दोन्ही गेली होती. चव आणि वासही जवळजवळ नव्हता. उरला होता फक्त स्पर्श. शाळेचे प्रमुख सॅम्युअल ग्रिडली हाउ यांच्यासमोर दोन रस्ते होते, आणि त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवले आहेत. लॉरा घरी स्वतःच्या काही खाणाखुणा करत असे. त्या खुणा वाढवत न्यायच्या, किंवा सगळं जग वापरतं ती अक्षरांची भाषा तिला द्यायची. हाउंनी दुसरा रस्ता निवडला. सुरी, काटा, चमचा, किल्ली अशा रोजच्या वस्तू घेतल्या आणि प्रत्येकीवर उठावाच्या अक्षरांत तिचं नाव चिकटवलं. चमचा आणि किल्ली जशा हाताला वेगळ्या, तशाच त्यांच्यावरच्या वळणदार रेघाही वेगळ्या, हे लॉराला कळलं. मग चिठ्ठ्या सुट्या करून दिल्या. तिनं चमच्याची चिठ्ठी चमच्यावर ठेवली आणि किल्लीची किल्लीवर. बरेच आठवडे हे निव्वळ नकलेचं काम होतं. अखेर एके दिवशी तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला: या खुणांनी आपल्या मनातलं दुसऱ्याला सांगता येतं.

चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये पर्किन्सला गेला, लॉराला भेटला आणि 'अमेरिकन नोट्स'मध्ये तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं. चाळीसेक वर्षांनी अलाबामातल्या टस्कम्बिया गावी एका आईनं ते पुस्तक वाचलं. तिची मुलगी हेलन केलर एकोणीस महिन्यांची असताना आजारानं अंध आणि बधिर झाली होती. पर्किन्सनं त्या घरी अ‍ॅन सलिव्हन हिला पाठवलं. अ‍ॅन स्वतः त्या शाळेची अंधुक नजरेची विद्यार्थिनी होती आणि लॉराच्या सहवासात बोटांची अक्षरं शिकली होती. १८८७ च्या मार्चमध्ये ती हेलनसाठी बाहुली घेऊन गेली. बाहुलीचे कपडे लॉरानं शिवले होते. लॉराच्या चमच्यापासून हेलनच्या बाहुलीपर्यंत ही शिकवण अशी हातातून हातात गेली.

पंपाखालचं पाणी आणि तळहातावर लिहिलेला 'पाणी' हा शब्द, हा ५ एप्रिल १८८७ चा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्यापुढचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. अ‍ॅननं हेलनला उठावाच्या अक्षरांतले एकेक शब्द पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दिले होते. हेलन बाहुलीला पलंगावर ठेवी आणि तिच्याजवळ पट्ट्या लावी: बाहुली पलंगावर आहे. एके दिवशी तिनं 'मुलगी' ही पट्टी स्वतःच्या एप्रनला टाचणीनं लावली, कपाटात जाऊन उभी राहिली आणि शेजारच्या फळीवर उरलेले शब्द मांडले. मुलगी कपाटात आहे. आधी घडलं, मग लिहिलं. वाक्य तिनं आधी अंगानं केलं आणि ते केल्यामुळेच तिला वाचता आलं. हाताने करून शिकायची साक्षरता म्हणतात ती इथे एका ओळीत सापडते.

आता इटारच्या रीतीकडे वळू. त्याचा शिष्य एदुआर सेगँ मतिमंद मुलांसाठी तीच रीत पुढे नेत राहिला. रोममध्ये अशाच मुलांबरोबर काम करताना मारिया माँटेसोरी यांनी इटार आणि सेगँ यांचे ग्रंथ स्वतःच्या हातानं भाषांतर करून उतरवून काढले. अक्षराच्या आकारावरून बोट फिरवायचं, मग लिहायचं, ही शिस्त तिथेच रुजली. १९०७ मध्ये सान लोरेन्झोच्या वस्तीत त्यांनी सर्वसाधारण मुलांसाठी बालगृह काढलं, तेव्हा ती अक्षरं सोबत आली. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपलीशी केली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीनं शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं आदिवासी पाड्यांवर गेली. महागड्या परदेशी साहित्याची गरजच नाही, अंगणात जे पडलंय ते साधन, हा त्यांचा आग्रह होता.

म्हणजे आपल्या बालवाडीत खरखरीत कागदाचा 'क' गिरवणाऱ्या धडधाकट मुलावर आव्हेरॉनच्या व्हिक्टरचं आणि रोमच्या मतिमंद मुलांचं ऋण आहे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटानं अक्षर काढत, तेव्हाही अक्षर आधी बोटाचं होतं, मग डोळ्यांचं झालं. पण वाईट याचं वाटतं की ज्यांच्यासाठी ही रीत निघाली, त्या मुलांपर्यंत ती सर्वांत शेवटी पोचली.

आपल्याकडे अंधशाळा आल्या त्या साधारण हेलनच्या काळातच. १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांची शाळा निघाली. १९०० मध्ये मुंबईत अ‍ॅना मिलर्ड यांची शाळा सुरू झाली, तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल निघाली. भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालत होत्या, त्या मोडून १९५१ मध्ये एकच भारती ब्रेल आली. मराठी 'चिऊ' तिच्यात तीन घरांत बसते. 'च'ची दोन टिंबं, 'इ'ची दोन आणि 'ऊ'ची चार. छापील मराठीत पहिली वेलांटी 'च'च्या आधी काढतात. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं 'च'नंतर येते, बोटाला जशी ऐकू यावी तशी. ही लिपी मराठी मुलांसाठी मोठं दार होती. पण ते दार 'फक्त अंध' मुलांसाठी होतं. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, ज्याची बोटं आखडलेली आहेत, ज्याची समज उशिरा वाढते, ते मूल उंबऱ्याबाहेरच राहिलं. अंधशाळा म्हणे, याला ऐकू येत नाही. कर्णबधिरांची शाळा म्हणे, याला दिसत नाही. घरी मग अशा मुलाला भरवायचं, धुवायचं आणि झोपवायचं, एवढंच उरे.

जगात या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष वळलं ते एका साथीमुळे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदर आईला रुबेला झाला की गर्भातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना इजा होते. त्या साथीनं सुमारे २०,००० बाळं अशी बाधित जन्मली. त्यांतली सुमारे ११,००० बधिर होती, तर ३,५०० अंध. युरोपातही रुबेलानं बाधित मुलं शाळांच्या दाराशी येऊ लागली.

नेदरलंड्समधल्या सिंट मिखिल्सखेस्टेल गावच्या संस्थेत यान फान डाइक हे शिक्षक अशा मुलांबरोबर काम करत होते. हाउंनी सोडून दिलेला पहिला रस्ता त्यांनी उचलला. मूल स्वतः काय करतंय, कसं डोलतंय, कशाकडे हात नेतंय, तिथून सुरुवात करायची. मूल झुलत असेल तर त्याच्याबरोबर झुलायचं, थांबायचं आणि त्यानं 'आणखी' अशी खूण करण्याची वाट बघायची. मग वस्तू येतात. पेला म्हणजे जेवण, टॉवेल म्हणजे पोहणं. या वस्तू फळीवरच्या कप्प्यांत डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडायच्या. मूल पहिल्या कप्प्यातून पेला घेतं, जेवून येतं, पेला 'संपलं'च्या पेटीत टाकतं आणि पुढच्या कप्प्याकडे जातं. ज्याला एरवी कुणीतरी अचानक उचलून कुठेही नेतं, त्याला पहिल्यांदाच कळतं की आता काय होणार आहे आणि काय होऊन गेलं आहे. डावीकडून उजवीकडे, एकामागून एक, अर्थ घेत पुढे सरकायचं. पानावरची ओळ आपण याच वळणानं वाचतो.

इथे वस्तू कुठली घ्यायची हा कळीचा प्रश्न असतो, आणि डोळस माणूस हमखास इथे चुकतो. आपण प्लॅस्टिकची खेळण्यातली बस देतो. डोळ्यांना ती बस वाटते. बोटांना ती एक गुळगुळीत ठोकळा वाटते, जसा प्लॅस्टिकचा हत्ती आणि प्लॅस्टिकचं सफरचंदही वाटतं. त्या मुलानं बस बाहेरून कधी पाहिलेलीच नाही. त्याची बस म्हणजे सीटचं थोडं फाटलेलं रेक्झिन, धरायचा थंड दांडा आणि अंगाला बसणारे हिसके. म्हणून बससाठी रेक्झिनचा तुकडा ठेवायचा. बाजारासाठी भाजीची पिशवी, आजीच्या घरासाठी तिच्या लुगड्याचा काठ. डेन्मार्कच्या लिली निल्सन यांची काही भावंडं अंध होती, आणि त्यांनीही हीच जाण धरून ज्याला हलताही येत नाही अशा मुलाभोवती छोटी खोली रचली. तिच्या छताला आणि भिंतींना खऱ्या वस्तू टांगलेल्या. मुलाचा हात जरा हलला की काहीतरी वाजतं, लागतं, पुन्हा सापडतं. शिक्षकानं मात्र गप्प राहायचं. शोध मुलाचा.

आपलं खोकं, म्हणजे ही गोष्टीची पेटी, या सगळ्यांची नात आहे. लॉराची वस्तू आणि तिचं नाव, हेलनचं करून पाहिलेलं वाक्य, फान डाइक यांची ओळ, बोर्डीच्या अंगणातलं साहित्य असे चार वारसे तिच्यात आले. स्पर्शाच्या चित्रांची पुस्तकं ही तिची बहीण. फ्रान्सच्या दिजों शहरात १९९४ पासून एक संस्था कापड, दोरा, चामडं, लाकूड चिकटवून अशी पुस्तकं हातानं बनवते. आपल्याकडे मुंबईत १९७७ मध्ये बेरोज वाच्छा यांनी बधिरांध मुलांसाठी देशातली पहिली संस्था, हेलन केलर इन्स्टिट्यूट, सुरू केली. हेलन केलर स्वतः १९५५ मध्ये भारतात येऊन गेली, त्यानंतर बावीस वर्षांनी. १९९७ मध्ये अहमदाबादेत सेन्स इंटरनॅशनल इंडिया सुरू झाली. कायदा आणखी मागे होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत बहुविकलांगता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला बधिरांधतेसह जागा मिळाली. २०११ च्या जनगणनेत एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या माणसांची संख्या सुमारे २१ लाख भरली होती.

आता या मागोव्यातून हाती काय लागतं ते सांगतो. अक्षराच्या आधी अनुभव असतो. ज्याच्या हाती जग पडलं नाही, त्याच्या हाती पुस्तक देऊन उपयोग नाही. आणि जग हाती द्यायचं तेही ओढून नव्हे. आपल्याला मुलाचा हात धरून गिरवून घ्यायची सवय आहे. डोळस मुलाला ते चालून जातं. ज्याचे हात हेच डोळे आहेत, त्याचा हात पकडून वस्तूवर दाबणं म्हणजे कुणाची मान धरून 'बघ इकडे' म्हणणं. जाणत्या शिक्षिका आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतात. आधी त्यांचा हात गोवरीला लागतो, मुलाचा हात त्यावर असतो. मुलाला वाटलं तर ते बोट घसरवून पुढे नेतं, नको वाटलं तर उचलून घेतं. घमेल्यापाशीही मी हेच पाहिलं. बाईंचा हात खाली होता आणि मुलीचा वर. गोवरीपर्यंत बाई पोचल्या, चिखलात मुलगी स्वतः गेली.

त्या मुलीच्या खोक्याच्या झाकणावर बाईंनी 'चिऊ' ही ब्रेलची पट्टी चिकटवली आहे. उघडताना तिचं बोट रोज त्या आठ टिंबांवरून जातं. ती त्यांना आज अक्षर म्हणून ओळखत नाही. तिला इतकंच माहीत आहे की ही टिंबं लागली की आत मेण आणि गोवरी असते. लॉराच्या चमच्यावरच्या रेघाही आधी अशाच, नुसत्या चमच्याच्या सोबती होत्या. ही मुलगी पुढे ब्रेल वाचेल की वस्तूंच्या ओळीवरच थांबेल, हे आज सांगता येणार नाही. ती जिथे थांबेल तिथवर ती वाचक असेल.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या तालुक्याच्या गावी विशेष शाळा असेल, किंवा ओळखीच्या घरी असं एखादं मूल असेल, तर एक खोकं तयार करून न्या. चिऊकाऊचं करा, वारीचं करा, भाताच्या लावणीचं करा, आंब्याच्या अढीचं करा. सहा-सात वस्तू पुरेत. गोष्टीच्या क्रमानं मांडा आणि शिक्षिकेला विचारून झाकणावर ब्रेलमध्ये नाव लावून घ्या. पैसे फारसे लागत नाहीत, एक दुपार लागते. खेळण्यांच्या दुकानात मात्र जाऊ नका. वस्तू खऱ्या घ्या.